केंद्रकाचा आकार कोण बघून आलं?

२०२५ च्या जुलैमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एक नवा प्रयोग झाला. सत्तावीस किलोमीटर घेराच्या तिथल्या भुयारी यंत्रात पहिल्यांदाच ऑक्सिजनची केंद्रकं, म्हणजे अणूंचे गाभे, ऑक्सिजनवर आणि निऑनची निऑनवर आदळवली. त्या टकरींच्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांच्या एका जुन्या अंदाजाला बळ मिळालं: निऑनचं केंद्रक गोल नाही, ते बोलिंगच्या पिनसारखं आहे, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं. बोलिंगची पिन आपल्यापैकी फार कमी जणांनी हातात घेतली असेल. पण तालमीच्या कोपऱ्यात उभे केलेले मुद्गल कोल्हापुरात कुणी पाहिले नाहीत? मी मामाला सांगितलं, निऑनचं केंद्रक म्हणजे मुद्गल समज.

मामाचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, आणि पत्र्याच्या छपराखाली तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. त्याने लेथचा चक, म्हणजे काम धरून फिरवणारी पकड, थांबवला, हात पुसले आणि म्हणाला, "पोरी, अणूच डोळ्यांनी दिसत न्हाई म्हणतीस. मग त्याच्या आतल्या बीचा आकार कोण बघून आलं?"

मी भौतिकशास्त्र शिकवते. वर्गात हा प्रश्न मला क्वचितच येतो, कारण पुस्तकातल्या चित्रात केंद्रक गोल काढलेलं असतं आणि मुलं ते तसंच वहीत उतरवतात. मामाने पुस्तक वाचलेलं नाही, म्हणून त्याला नेमकी शंका सुचली. तिचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण त्याचा बराचसा भाग त्याच्या लेथवरच होता.

रंकाळ्यातलं लिंबू

केंद्रक म्हणजे अणूच्या मध्यभागी प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा घट्ट बांधलेला गोळा. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्यात असतं, पण त्याने अडवलेली जागा अगदी नगण्य. युरेनियमचा एक अणू फुगवून किलोमीटरभर रुंद केला, साधारण रंकाळ्याच्या पाण्याएवढा, तर त्याचं केंद्रक मधोमध तरंगणाऱ्या लिंबाएवढं होईल. आणि आपल्याला तर त्याच्याही पुढचं विचारायचंय. हे लिंबू गोल आहे की एका बाजूने लांबट?

नुसत्या उजेडात ते दिसणार नाही. वस्तूचे बारकावे दिसायला उजेडाची लाट त्या वस्तूपेक्षा लहान असावी लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लाट युरेनियमच्या केंद्रकापेक्षा सुमारे तीन कोटी पट लांब असते. भिंग कितीही मोठं घेतलं तरी हा अडसर हटत नाही.

मग लहान लाट कुठून आणायची? वेगवान इलेक्ट्रॉनही लाटेसारखे वागतात, आणि वेग वाढवला की त्यांची लाट आखूड होते. १९५० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी असे इलेक्ट्रॉन केंद्रकांवर सोडले आणि ते कोणत्या कोनात किती विखुरतात हे मोजलं. त्यावरून केंद्रकाचा घेर मिळाला, शिवाय त्याची कड कशी आहे तेही कळलं. ती पोलादी गोळीसारखी कापलेली नसते, हळूहळू विरत जाते. १९६१ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण आकाराच्या प्रश्नाला हे पुरत नाही. नमुन्यातली अब्जावधी केंद्रकं वाट्टेल त्या दिशांना तोंड करून असतात. लांबट वस्तूंचे सगळ्या दिशांनी काढलेले फोटो एकावर एक ठेवले तर सरासरी चित्र गोलच दिसतं, फक्त कड जरा जास्त पुसट. म्हणून आकारासाठी वेगळ्या युक्त्या काढाव्या लागल्या.

पण ते गोल का नसावं?

हा प्रश्न रास्त आहे. पाण्याचा थेंब आपोआप गोल होतो. केंद्रकही बऱ्याच बाबतीत थेंबासारखं वागतं, मग ते वाकडं का व्हावं?

कारण आतले कण थेंबातल्या पाण्यासारखे मिसळून गेलेले नसतात. त्यांची बसायची जागा ठरलेली असते, पंगतीच्या ओळींसारखी. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या आकड्यांना ओळी पूर्ण भरतात, आणि ओळ भरली की मांडव सगळीकडून सारखा दिसतो. शिशाच्या सर्वांत जड टिकाऊ प्रकारात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. दोन्ही पंगती भरलेल्या, म्हणून ते गोल. युरेनियममध्ये ९२ आणि १४६. शेवटची ओळ अर्धवट.

१९५० मध्ये जेम्स रेनवॉटर यांनी मांडलं की अर्धवट ओळीतले हे कण लांबट कक्षांत फिरतात आणि फिरता फिरता आतल्या भरलेल्या गोळ्यालाही आपल्या बाजूला ओढतात. पुढे कोपनहेगनमध्ये निल्स बोर यांचे चिरंजीव ऑगे बोर आणि बेन मॉटलसन यांनी त्यावर सगळा सिद्धान्त उभा केला. १९७५ चं नोबेल या तिघांना मिळालं.

आकार मुख्यतः तीन. खारकेसारखा लांबट, हा सर्वांत जास्त आढळतो. भाकरी थापायच्या आधी गोळा तळहाताने जरा दाबतात तसा चपटा, हा कमी. आणि पेरच्या फळासारखा, एकीकडे फुगीर, हा फार दुर्मीळ. युरेनियमची खारीक रुंदीपेक्षा लांबीला साधारण पाव पट जास्त असते. म्हणजे रंकाळ्यातल्या आपल्या लिंबावर फरक जेमतेम एका सेंटिमीटरचा.

डायलचा काटा

मामा शाफ्ट चकमध्ये पकडतो, डायल गेजचं टोक शाफ्टला टेकवतो आणि चक हाताने सावकाश फिरवतो. डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. जॉब, म्हणजे चकमध्ये धरलेला तुकडा, 'आऊट', म्हणजे मध्यापासून सरकलेला असेल तर काटा प्रत्येक फेऱ्यात पुढे जातो, मागे येतो. मग मामा चकचा एक जॉ सैल करतो, समोरचा आवळतो, पितळी हातोड्याने हलकं ठोकतो आणि पुन्हा फिरवून बघतो. काटा जागचा हलेनासा झाला की जॉब बसला.

त्या दिवशी काटा स्थिर झाल्यावर मी मामाला विचारलं, "आता फक्त काट्याकडे बघ. शाफ्ट फिरतोय का थांबलाय?"

तो क्षणभर बघत राहिला. "काट्यावरनं न्हाई सांगता यायचं."

सगळा मुद्दा हाच. पुरत्या गोल वस्तूचं फिरणं ओळखूच येत नाही. आपल्या जगात डोळे उघडले की शाफ्टवरचा ओरखडा फिरताना दिसतो, म्हणून आपण फसत नाही. केंद्रकावर ओरखडा नसतो. अणूच्या जगाचा नियमच असा की ज्या फिरण्याने काहीच बदलत नाही ते फिरणं झालंच नाही असं धरायचं. म्हणून गोल केंद्रकाला गिरकी देऊन त्यात ऊर्जा साठवता येत नाही. लांबट केंद्रकात साठवता येते.

तेव्हा आकार बघायचा नाही. ते फिरतं का, एवढं तपासायचं.

जिन्याच्या पायऱ्या

फिरणारं केंद्रक भोवऱ्यासारखं हळूहळू मंदावत नाही. ते जिन्यावरून उतरल्यासारखं पायरी पायरीने थांबतं आणि प्रत्येक पायरीला गॅमा किरणाचा, म्हणजे अतिशय जोरकस क्ष-किरणासारख्या प्रकाशाचा, एक कण बाहेर फेकतं. त्या कणाची ऊर्जा मोजली की पायरीची उंची कळते.

खारकेसारख्या केंद्रकाच्या पहिल्या तीन पायऱ्या जमिनीपासून १, ३.३३ आणि ७ या प्रमाणात असाव्यात असं गणित सांगतं. युरेनियम-२३८ साठी (९२ प्रोटॉन आणि १४६ न्यूट्रॉन मिळून २३८) मोजलेल्या उंच्या आहेत ४५, १४८ आणि ३०७. (माप किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टचं, आपल्याला फक्त प्रमाण बघायचंय.) गणिताप्रमाणे ४५ नंतर १५० आणि ३१४ यायला हव्या होत्या. जी वस्तू आजवर कुणाला दिसली नाही, तिच्याबद्दलचं गणित इतक्या जवळ येतं, याचं मला इतकी वर्षं शिकवूनही नवल वाटतं. राहिलेला थोडा फरकही बोलका आहे: वेग वाढेल तशी केंद्रकाची आतली मांडणी किंचित बदलते.

मूळचं गोल पण थरथरणारं केंद्रक असेल तर पायऱ्या साधारण सारख्या अंतरावर येतात, १, २, ३ अशा. माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि आवाजावरून पक्का की फुटका हे ओळखतो, तसंच हे. शिशाची पहिली पायरी तर थेट २,६१५ वर आहे. त्याला हलवायलाच युरेनियमच्या अठ्ठावन्न पट जोर लागतो.

पण केंद्रकाला गिरकी द्यायची कशी? नेहमीची रीत अशी: एक केंद्रक वेगाने दुसऱ्यावर थोडं बाजूला धरून आदळवायचं. दोन्ही एकजीव होतात आणि बाजूने धक्का बसल्यामुळे नवं केंद्रक गरगर फिरू लागतं. मग ते काही न्यूट्रॉन झटकतं आणि गॅमा किरण सोडत जिना उतरतं. भोवती जर्मेनियमच्या स्फटिकांचे शोधक लावलेले असतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने ते सतत थंड ठेवावे लागतात, नाहीतर स्फटिकाच्या स्वतःच्या उष्णतेच्या गोंगाटात खरा संदेश बुडून जातो.

हे काम आपल्या देशातही होतं. इंडियन नॅशनल गॅमा अॅरे हा शोधकांचा संच मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटर आणि कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर या तिन्ही ठिकाणी आळीपाळीने मांडला जात आलाय. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव 'इंगा'. मराठी माणसाच्या ते लगेच लक्षात राहतं. त्याच्या एकेका शोधकात चार स्फटिक चार पानांच्या घोसासारखे बसवलेले असतात. कोल्हापुरातून पदवी घेणाऱ्या ज्या मुलामुलींना या विषयाची ओढ आहे त्यांना मी आवर्जून सांगते, या प्रयोगांसाठी परदेशीच जायला हवं असं नाही.

या रीतीतला सर्वांत देखणा निकाल १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डेर्सबरी प्रयोगशाळेत लागला. डिस्प्रोसियम-१५२ च्या केंद्रकाला जबरदस्त गिरकी दिल्यावर गॅमा किरणांच्या रेषा एकमेकींपासून सुमारे ४७ च्या अंतरावर आल्या, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा तेवढ्यानेच उंच, शेताच्या कुंपणाला समान अंतरावर काठ्या रोवाव्यात तशा. त्याचा अर्थ, केंद्रक रुंदीच्या दुप्पट लांब झालं होतं.

हूल देऊन बघणं

कुस्ती बघणाऱ्यांना माहीत असतं, पैलवान भिडायच्या आधी हूल देतो. हात पुढे करतो, अंगाला लावत नाही, आणि समोरचा कुठल्या अंगाला झुकतो ते बघतो. प्रयोगशाळेतली एक नाजूक युक्ती अगदी अशीच आहे. दोन केंद्रकं एकमेकांजवळून न्यायची, पण वेग इतकाच ठेवायचा की ती एकमेकांना शिवणार नाहीत. दोन्हींवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. जाता जाता बसलेल्या या विजेच्या हिसक्याने केंद्रक फिरू किंवा थरथरू लागतं. किती वेळा आणि कुठल्या पायरीपर्यंत, ते आकारावर ठरतं. लांबट केंद्रकाला हिसका जोरात लागतो, गोल केंद्रक फारसं दाद देत नाही. स्पर्श झालेलाच नसतो, त्यामुळे दिसतं ते सगळं विजेच्या बलाचं काम, आणि त्याचं गणित आपल्याला चोख येतं. म्हणून आकार मोजायच्या रीतींत ही मला सर्वांत विश्वासाची वाटते.

पेरचा आकार पकडला तो असाच. २०१३ मध्ये सर्नच्याच आयसोल्ड या विभागात रेडिअम-२२४ आणि रेडॉन-२२० ची केंद्रकं तयार करून प्रकाशाच्या सुमारे ८ टक्के वेगाने निकेल, कॅडमियम आणि कथलाच्या पातळ पत्र्यांवर सोडली. रेडिअम-२२४ चं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं बदलून जायला लागणारा वेळ, साडेतीन दिवसांहून थोडं जास्त, रेडॉन-२२० चं एक मिनिटाहूनही कमी. त्यामुळे ती बनवायची, वेगळी काढायची आणि लगेच वापरायची. निकाल असा की रेडिअम-२२४ चं केंद्रक कायमचं पेरसारखं आहे. रेडॉन-२२० मात्र त्या आकारात नुसतं थरथरतं, स्थिर होत नाही.

अंगणातले इलेक्ट्रॉन

तिसरी वाट केंद्रकाला हातही न लावण्याची. अणूतले काही इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळून, कधी कधी आतूनही जातात. केंद्रकाचा विद्युतभार गोल पसरलेला नसेल तर या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत इवलासा फरक पडतो आणि अणूतून येणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. केंद्रक वाकडं आहे याचा पहिला पुरावा याच वाटेने मिळाला. १९३५ मध्ये जर्मनीत हर्मान शुलर आणि थिओडोर श्मिट यांना युरोपियमच्या वर्णपटातल्या रेषा जिथे असायला हव्यात तिथे सापडेनात. गोल केंद्रक गृहीत धरून हिशेब जुळेना.

आज हे काम लेझरने होतं, आणि फारच बारीक होतं. सर्वांत गाजलेलं उदाहरण पाऱ्याचं. पाऱ्याच्या केंद्रकातला एकेक न्यूट्रॉन कमी करत गेलं तर ते हळूहळू लहान व्हायला हवं, आणि बऱ्याच टप्प्यांपर्यंत तसंच होतं. पण १९७० च्या दशकात दिसलं की पारा-१८६ वरून १८५ वर येताना केंद्रक लहान न होता एकदम मोठं होतं. १८४ ला पुन्हा लहान, १८३ ला पुन्हा मोठं. कण कमी झाल्यावर गोळा वाढेल कसा? गोळा वाढत नाही, लांबतो. परातीतला कणकेचा गोळा तेवढाच ठेवून हाताने लांब केला, तर त्याची टोकं मध्यापासून दूर जातात आणि इलेक्ट्रॉनांना तो 'मोठा' जाणवतो. एका न्यूट्रॉनच्या येण्याजाण्याने सगळ्या केंद्रकाने आकार बदलायचा, हे फार विलक्षण आहे.

आदळून बघणं

आता त्या जुलैच्या बातमीकडे. इथली रीत वरच्या सगळ्यांच्या उलट, हळुवारपणाचा मागमूस नाही.

त्याआधी अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या यंत्रात युरेनियमची केंद्रकं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर आदळवली गेली, आणि तुलनेसाठी सोन्याचीही. सोन्याचं केंद्रक बरंचसं गोल असतं. स्टार नावाच्या प्रयोगगटाने हा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. अशा टकरीत प्रोटॉन-न्यूट्रॉनही वितळून जातात आणि त्यांच्या घटकांचा क्षणभर टिकणारा अतितप्त रस तयार होतो. तो फुटून हजारो कण बाहेर उडतात. मोजायचे ते हे कण.

दोन खारका कशा आदळतील याच्या दोन टोकाच्या तऱ्हा आहेत. टोकावर टोक आलं तर रसाचा गोळा लहान, दाट आणि गोल होतो. कण जास्त वेगाने उडतात, पण सगळ्या दिशांना सारखे. कुशीवर कूस आली तर रसाचा ढीग लांबट आणि जरा विरळ. कणांचा वेग कमी, पण ते एका दिशेला जास्त उडतात. लांबट मांडवात गर्दी दाटली की लोक रुंदीच्या बाजूने आधी बाहेर पडतात, तसे.

कोणती टक्कर टोकावर झाली आणि कोणती कुशीवर, हे आधी कुणालाच ठरवता येत नाही. पण असंख्य टकरी मोजल्या की एक संगती दिसू लागते. युरेनियममध्ये कणांचा वेग जिथे जास्त, तिथे एका दिशेकडचा कल कमी. सोन्यात ही संगती त्या प्रकारे दिसत नाही. त्यावरून युरेनियमची लांबी मिळाली आणि ती गॅमा किरणांवरून काढलेल्या लांबीशी जुळली. शिवाय ती खारीक कमरेला अगदी गोल नसून किंचित दबलेली असावी, असाही संकेत मिळाला.

सर्नमध्ये ऑक्सिजन आणि निऑन यांच्यात हीच तुलना झाली. ऑक्सिजनच्या केंद्रकात ८ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन, दोन्ही पंगती भरलेल्या. निऑनमध्ये दोन-दोन कण जास्त. ते चार कण एका टोकाला गोळा होऊन बसलेत असं मानलं की मुद्गल तयार होतो. टकरींतून उडालेल्या कणांचा कल निऑनमध्ये ऑक्सिजनपेक्षा जास्त निघाला, आणि मुद्गलाचा आकार धरून केलेल्या गणिताशी तो जुळला.

"हा सगळा अंदाजच की"

मामाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे गाडीचा चुराडा बघून गाडी कसली व्हती ते सांगायचं. चुकायचं न्हाई?"

चुकू शकतं. रस कसा पसरतो याचं गणित अजून पूर्णपणे पक्कं नाही, हे त्या विषयातले लोकही मानतात. म्हणून तर एकट्या युरेनियमवर किंवा एकट्या निऑनवर कुणी विसंबत नाही. तराजूला पासंग असला तरी त्याच तराजूत दोन वस्तू तोलल्या तर कोणती जड हे बरोबरच कळतं. युरेनियमसोबत सोनं आणि निऑनसोबत ऑक्सिजन ठेवल्यावर गणितातल्या बऱ्याच चुका दोन्हीकडे सारख्या पडतात आणि एकमेकींना खोडतात.

आणि माझ्या दृष्टीने मोठा भरवसा पुढचा आहे. जिन्याच्या पायऱ्या, हूल, लेझर आणि टक्कर या चार रीतींत वापरलेली बलं वेगळी, उपकरणं वेगळी, त्यांच्या चुकाही वेगळ्या. तरी त्या एकाच आकाराच्या जवळ येतात. जमिनीची मोजणी दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी केली आणि आकडा एकच आला, तर शेतकरी ती मान्य करतो.

"क्वांटमच्या जगात तर सगळं धूसर असतं ना?"

हा आक्षेप वर्गातली हुशार मुलं घेतात, आणि तो मामाच्या शंकेहून अवघड आहे. शांत अवस्थेतलं युरेनियम-२३८ चं केंद्रक कुठल्याच एका दिशेला तोंड करून नसतं. बाहेरून सगळ्या दिशांनी ते सारखंच, म्हणजे गोलच दिसायला हवं. मग खारीक आहे तरी कुठे?

पंख्याकडे बघा. पूर्ण वेगात त्याची पाती दिसत नाहीत, धूसर गोल चकती दिसते. तरी पाती असतातच, आणि फार झटपट फोटो काढला तर दिसतात. केंद्रकाचा लांबटपणा हा असा, त्याच्या स्वतःच्या अंगातला. उपमा पूर्ण जुळत नाही, कारण पंख्याचं पातं प्रत्येक क्षणी कुठेतरी एका जागी असतं आणि केंद्रकाबद्दल तसं म्हणता येत नाही. पण झटपट फोटोचा भाग खरा आहे. ब्रुकहेवनमधली टक्कर केंद्रकाच्या गिरकीच्या मानाने हजारो पट लवकर उरकते. इतक्या वेळात केंद्रक कूस बदलू शकत नाही. ज्या अवस्थेत सापडलं तिचाच ठसा उमटतो. जिन्याची रीत तर फोटोच्या भानगडीतच पडत नाही, ती थेट गिरकी मोजते.

"कळून करायचंय काय?"

उद्या बाजारात काही येणार नाही, हे मी मामाला स्पष्ट सांगितलं. पण हा केवळ हौसेचाही विषय नाही. युरेनियमचं केंद्रक फुटतं तेव्हा आधी लांबतं, मग कमरेत बारीक होतं आणि तुटतं. १९३९ मध्ये लिझ माइट्नर आणि ऑटो फ्रिश यांनी हे मांडलं. अणुभट्टीतली वीज केंद्रकाच्या या फुटण्यातून येते, आणि त्याची सुरुवात आकार बदलण्यापासून होते.

पेरच्या आकाराचं मोल वेगळंच. विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ जवळपास सारखेच तयार झाले असावेत, आणि दोघे भेटले की एकमेकांना नाहीसं करतात. तरी आपण, पंचगंगा, पन्हाळा, हे सगळं उरलं. का, ते अजून कळलेलं नाही. त्यामागे निसर्गाच्या नियमांतली एक बारीकशी असमानता असेल तर ती पेरसारख्या केंद्रकांच्या अणूंत शेकडो पट ठळक दिसायला हवी. म्हणून रेडिअमचे अणू लेझरने पकडून, थंड करून तपासण्याचे प्रयत्न चाललेत.

आणि ते द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेले जर्मेनियमचे शोधक, तेच आज माती, पाणी आणि अन्नातली किरणोत्सारी द्रव्यं मोजायलाही वापरतात.

शिसं तरी गोल आहे ना?

शेवटी मामाने विचारलं, "ते शिसं तू गोल म्हणालीस. ते तरी खात्रीनं?"

पुस्तकात शिसं-२०८ हे गोल केंद्रकाचं आदर्श उदाहरण म्हणूनच दिलेलं असतं, मीही ते तसंच शिकवत आले. पण त्याचाच हलका भाऊ शिसं-१८६ एका वेळी तीन आकार बाळगून असतो, गोल, चपटा आणि लांबट, आणि तिघांच्या ऊर्जेत फारच थोडा फरक असतो. हे २००० साली कळलं. आणि २०२५ च्या सुरुवातीला तर शिसं-२०८ चीच पाळी आली. अमेरिकेतल्या अर्गॉन प्रयोगशाळेत हूल देण्याच्या रीतीने, आजवरच्या अतिशय बारीक शोधकांपैकी एक वापरून, ते पुन्हा तपासलं गेलं. हिसका बसून उत्तेजित झालेलं शिसं पुरतं गोल राहत नाही, किंचित लांबट होतं, असा निकाल आला. सिद्धान्त मांडणाऱ्यांना तो अपेक्षित नव्हता.

मामा काही बोलला नाही. मघाशी काटा स्थिर करून पास केलेला शाफ्ट अजून चकमध्येच होता. त्याने कपाट उघडून कापडात गुंडाळलेला दुसरा डायल काढला. यात एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याने तो स्टँडला लावला, टोक शाफ्टला टेकवलं आणि चक हाताने सावकाश फिरवला. काटा तीन रेघा पुढे गेला आणि परत आला.